सतरा नंबरचा हूक

भोंग्यातून निकाल पुकारला गेला तेव्हा गालिहच्या हातात तळलेल्या तेंपेचा, सोयाबीनच्या वडीचा, तुकडा होता. शामा गट, प्रथम क्रमांक, पिंजरा एकवीस, पक्षी गेरिमिस, मालक मास गालिह. तुकडा हातातच राहिला.

टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या आणि लवकर संपल्या. जावातल्या सालातिगाच्या त्या मैदानावर रविवारी सकाळी पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेला जमणाऱ्या दीडशे माणसांना डोळ्यांपेक्षा कान जास्त आहेत. ऐकण्याच्या दहा मिनिटांत गेरिमिस दोनदा गायला होता, दुसऱ्यांदा अर्धवट. उरलेला वेळ तो पिसं फुलवून, शेपटी खाली सोडून शेजारच्या बाविसाव्या पिंजऱ्याकडे बघत बसला होता. बाविसाव्यातला पांगलिमा मात्र एका श्वासात चिमणी, सुतारपक्षी आणि रातकिडा असे तीन आवाज एकापाठोपाठ लावत होता, आणि मैदानाबाहेरचे रिक्षावालेसुद्धा मान वळवून ऐकत होते.

पांगलिमा सहावा आला होता.

गालिहच्या शेजारी त्याची बायको, तिचं नाव रात्री, गेरिमिसच्या पिंजऱ्यावर निळं कापड ओढत होती. तिने कापडाची चेन अर्ध्यावर थांबवली.

"मास, आपण पहिले कसे आलो?" तिने हळूच विचारलं. मास म्हणजे दादा; तिकडे नवऱ्यालाही तसंच म्हणतात.

गालिहने तेंपेचा तुकडा खाली ठेवला. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला.

या मैदानावर गुण मोजणारं ॲप गालिहनेच लिहिलं होतं, त्यामुळे प्रश्न त्याच्याकडेच येणार होता. तो छत्तीस वर्षांचा. जाकार्ताच्या एका कंपनीसाठी घरून काम करायचा. मालट्रकांनी कुठल्या रस्त्याने जावं हे ठरवणारं सॉफ्टवेअर. दिवस पक्ष्यापासून सुरू व्हायचा. साडेपाचला कापड काढायचं, अंघोळीच्या पिंजऱ्यात सोडायचं, सात रातकिडे द्यायचे, तासभर ऊन. साडेआठला ऑफिसची बैठक. बैठकीत मागून शामा गायला नाही तर जाकार्ताचे लोक विचारायचे, आज गेरिमिस रजेवर आहे का. ताहू नावाची मांजर रात्रीने बाजारातून उचलून आणली होती, म्हणून मागच्या पडवीच्या दाराला गालिहने एक खटका बसवला होता. दार दहा सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलं की त्याचा फोन थरथरायचा. एकदा महत्त्वाच्या बैठकीत साहेब बोलत असताना तो खुर्ची सोडून पळाला होता. परत येऊन त्याने कारण सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

शामाची पिसं झडतात तेव्हा तो मुका होतो. गेरिमिस चार महिने मुका होता. पहिलं पीस उगवल्यापासून गालिह आणि रात्री दोघं या रविवारची वाट पाहत होते.

ॲपची गोष्ट त्याच्या आधीची. पूर्वी इथे परीक्षक आवडलेल्या पिंजऱ्याखाली कापडी झेंडा रोवत. गेल्या वर्षी मुख्य परीक्षक म्बाह (म्हणजे आजोबा) सार्जोनो यांच्या भाच्याचा पक्षी पहिला आला, आणि जारोतने भर मैदानात म्हाताऱ्याला तोंडावर विचारलं, झेंडा पक्ष्याला दिला की बहिणीला. जारोत, पांगलिमाचा मालक, पर्यटकांची मिनीबस चालवायचा. त्याचा आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचायची सवय लागलेला. म्बाह सार्जोनो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं बसलेले, तिथे कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. ते महिनाभर मैदानावर आलेच नाहीत. मग जारोतनेच टुमणं लावलं की यंत्र आणा, यंत्राला बहीण नसते. गालिहने ॲप लिहिलं. तिन्ही परीक्षकांच्या हातात एकेक टॅबलेट. गुण दिले की ते तिथेच कुलूपबंद. पहिल्या दिवशी भोंग्यावरून गालिहने स्वतः सांगितलं होतं: एकदा गेलेले गुण कुणालाच बदलता येत नाहीत, मलासुद्धा नाही. ते वाक्य नंतर फळीवर रंगवून निकालाच्या टेबलामागे टांगलं गेलं.

आता लॅपटॉप त्याच्या मांडीवर होता आणि मैदानावर पुढच्या गटाची, लव्हबर्डांची, तयारी सुरू झाली होती. लोखंडी मांडवाखाली एकेक पिंजरा टांगला जाऊ लागला. इथला नियम जुना होता. पुढच्या गटाचा शेवटचा पिंजरा टांगला जाईपर्यंत हरकत घ्यायची. त्यानंतर निकाल फळ्यावर खिळला जातो आणि विषय संपतो. टांगायला दहा-बारा मिनिटं लागतात.

त्याने एकवीस नंबरचे गुण उघडले. तिघांनीही वरचे गुण दिले होते. म्बाह सार्जोनो, बू एंडाह म्हणजे एंडाह बाई, आणि वाह्यु. तिघं एकामागून एक, अंतर ठेवून चालत होते, एकमेकांचे टॅबलेट त्यांना दिसत नव्हते. एकाचं बोट चुकू शकतं. तिघांचं कसं चुकेल?

मग त्याने निकालाची नीटनेटकी यादी बंद केली आणि आतली कच्ची यादी उघडली. एक, दोन, तीन, करत खाली सरकला. सोळा. सतरा.

सतरा नंबरपुढे तिघांचेही गुण होते.

मांडवात पाच रांगांत पंचवीस हूक आहेत. सतराव्या हूकला पिंजरा कधीच टांगला जात नाही. हा मांडव म्बाह कार्तोंनी वेल्डिंग करून उभा केला, त्यांचा पक्षी नेहमी सतरावर असायचा. चौदा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हापासून तो हूक रिकामा. परीक्षक तिथे पोचले की थांबत नाहीत. कुणी मान किंचित झुकवतं, आणि सगळे अठरावर जातात. गालिहला हे ठाऊक होतं. म्हणूनच ॲपच्या नंबरांच्या चिठ्ठ्या काढणाऱ्या भागात त्याने सतरा नंबर कधी निघणार नाही अशी सोय केली होती. टॅबलेटवरच्या चौकोनांत मात्र सतरा तसाच राहिला होता.

त्याने आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण परीक्षक पिंजऱ्याचा नंबर बघून तोच चौकोन दाबायचे. पण मागच्या रविवारी म्बाह सार्जोनो कुरकुरले होते. पक्षी वर असतो आणि मला खाली काचेत बघावं लागतं, हे कसलं परीक्षण. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत गालिहने बदल केला: गुण दिले की टॅबलेट हातात हलकेच थरथरेल आणि आपोआप पुढच्या चौकोनावर जाईल. मान वर ठेवून चालता येईल. अकरा ओळींचा बदल होता. बुलबुल गटात त्याने तो चालवून पाहिला, आज सकाळीच, पण त्या गटात बाराच पिंजरे होते. सतरापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

ऑफिसात शुक्रवारी नवी आवृत्ती चढवायला बंदी होती. ती बंदी गालिहनेच घातली होती. ही आवृत्ती त्याने शनिवारी दुपारी चढवली होती.

सगळं त्याला एकदम दिसलं. सोळाव्याला गुण दिल्यावर टॅबलेट सतरावर जाऊन थांबला. परीक्षक रिकाम्या हूकाखालून पुढे गेले आणि मान वर करून अठराव्याला गुण दिले. ते पडले सतराव्या चौकोनात. तिथून पुढे प्रत्येक पक्ष्याच्या पदरात शेजाऱ्याचे गुण. बाविसाव्या पांगलिमाचे एकविसाव्या गेरिमिसला. पंचविसाव्याला काहीच नाही, कारण शिट्टी वाजल्यावर टॅबलेट आपोआप बंद झाला. आणि सतरासमोर मालकाचं नाव नसल्यामुळे ती ओळ निकालात उमटलीच नाही. बिननावाच्या ओळी गाळायच्या, हेही त्यानेच लिहिलं होतं. यादी स्वच्छ दिसावी म्हणून.

पंचविसाव्या पिंजऱ्याचा मालक अंबारावाहून आलेला एक वयस्कर शिंपी होता. तो शेवटचा आला होता. त्याने काही न बोलता पिंजरा उतरवला आणि तो मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधत होता.

गालिहने लॅपटॉप रात्रीकडे वळवला आणि थोडक्यात सांगितलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे सतरापासून सगळे गुण एकेक घर पुढे सरकवायचे. गुण आहेत ना सगळ्यांचे?"

"आहेत."

"मग तू करू शकतोस?"

गालिहने मांडवाकडे पाहिलं. लव्हबर्डांचे आठ पिंजरे लागले होते.

तो करू शकत होता. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. फळीवर काहीही रंगवलेलं असो, ॲपला मागचं एक दार होतं आणि त्याची चावी गालिहकडे होती. लिहिणारे ठेवतातच, उद्या काही अडलं तर आत शिरायला हवं. ती त्याने कधी वापरली नव्हती. ज्या दिवशी भोंग्यावरून त्याने 'मलासुद्धा नाही' म्हटलं, त्या दिवशीही ती त्याच्याकडे होती. तेव्हा त्याला ते खोटं वाटलं नव्हतं. वापरणार नाही म्हणजे नाहीच, असा त्याने स्वतःशी हिशेब केला होता.

आता गुण गुपचूप सरकवायचे, भोंग्यावर सांगायचं की पडद्यावर यादी चुकीची दिसली, खरी ही. जारोत पहिला, शिंपी तिसरा, गेरिमिस एकोणिसावा. निकाल अगदी खरा लागला असता. शिवाय त्याने स्वतःचा चषक सोडला म्हणून लोकांनी पाठ थोपटली असती. फळीवरचं वाक्यही तसंच राहिलं असतं. लोकांनी विश्वास ठेवला असता, याचीच त्याला धास्ती वाटली. पासवर्डच्या चौकोनात त्याने सहा अक्षरं टाइप केली होती. ती त्याने एकेक करून पुसली.

"काय झालं?" रात्रीने विचारलं.

"हे मी एकट्याने केलं तर तो निकाल आणि आताचा निकाल यात फरक काय राहील? दोन्ही माझ्याच हातचे."

तिने निळ्या कापडाची चेन पूर्ण ओढली. मग मांडवाकडे बघून म्हणाली, "तेरा लागले. जायचं तर आत्ता जा."

परीक्षकांच्या टेबलाशी जारोत आधीच पोचला होता. त्याच्याभोवती दहा-पंधरा माणसं. तो ओरडत नव्हता, आणि हे नेहमीपेक्षा वाईट होतं. तो म्बाह सार्जोनोंना सांगत होता की मी हरकत घेणार नाही, यंत्र मीच मागितलं होतं. घरात चोर नको म्हणून राखणदार ठेवला, आता राखणदाराचाच पक्षी पहिला आला तर तक्रार कुणाकडे करू. आजूबाजूचे हसले. गालिह येताना दिसल्यावर त्यांनी वाट दिली, जरा जास्तच मोकळी.

"या, विजेते," जारोत म्हणाला. "तुमच्या पक्ष्याने मनातल्या मनात फारच सुंदर गायलं. यंत्राला ऐकू आलं, आम्ही बहिरे."

गालिहने त्याच्याकडे न बघता म्हाताऱ्याला सांगितलं की निकाल चुकीचा आहे. चूक त्याची आहे. कशी झाली ते त्याने चार वाक्यांत सांगितलं. म्बाह सार्जोनोंचा चेहरा हलला नाही. सतराव्या हूकाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला.

"कार्तोच्या हूकला गुण दिले आम्ही?"

"हो, म्बाह."

"किती?"

"तुम्ही सदतीस. ते अठराव्या पिंजऱ्याचे."

म्हाताऱ्याने चष्मा सदऱ्याला पुसला. मग विचारलं, गुण जागच्या जागी नेता येतील का. गालिह म्हणाला, येतील. कसे, कुलूप आहे ना, म्हाताऱ्याने विचारलं. तेव्हा गालिहने चावीचं सांगितलं.

मांडवातून लव्हबर्डांचा चिवचिवाट येत होता. म्बाह सार्जोनोंनी मान वळवून मागची फळी वाचली, जणू आजच पहिल्यांदा वाचत होते.

"तू म्हणाला होतास, कुणालाच बदलता येत नाहीत."

"खोटं बोललो होतो."

"हे मला नको सांगू." त्यांनी टेबलावरचा माईक उचलून त्याच्यासमोर धरला. "तेव्हा ज्यांना सांगितलंस त्यांना सांग."

गालिहने माईक घेतला. आपला आवाज मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून जरा मागून परत येताना त्याला ऐकू येत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याला दोनदा ऐकावं लागलं. निकाल चुकला आहे. माझ्या बदलामुळे चुकला. गुण बदलता येत नाहीत असं मी सांगितलं होतं. मला बदलता येतात, पहिल्या दिवसापासून येतात. आज मी ते बदललेले नाहीत. मोटारसायकल सुरू करणारा शिंपी थांबला. लव्हबर्डांचे मालक पिंजरे हातात धरून उभे राहिले. मांडवात एकोणीस लागले होते. म्बाह सार्जोनोंनी हात वर केला आणि टांगणं थांबलं.

पहिला सवाल जारोतचाच आला.

"मागच्या रविवारी काय केलं होतंस?"

"काही नाही."

"कशावरून?"

"आत नोंदी आहेत. कोण कधी आत गेलं ते कळतं."

"नोंदी कोण लिहितं?"

"ॲप लिहितं."

"आणि ॲप कोण लिहितं?"

मैदान हसलं. आपण खरं बोलतोय हे सिद्ध करायला गालिहकडे जे काही होतं ते सगळं त्यानेच बनवलेलं होतं.

वाह्यु, परीक्षकांतला सगळ्यांत तरुण, म्हणाला की शामा पुन्हा टांगू आणि पुन्हा ऐकू. म्बाहनी नकार दिला. पक्षी दमलेत, निम्म्यांनी अंघोळही करून घेतली, आता जे गातील ते दुसरंच गाणं असेल. निकाल त्या दहा मिनिटांचा. मग ते टेबलाला धरून उठले.

"यंत्र बंद कर," त्यांनी गालिहला सांगितलं. "पण आधी एक कागद घे. तुझं यंत्र काय म्हणतं, एकेक घर सरकवून, प्रत्येक परीक्षकाचे पहिले तीन, ते लिही. नंबर फक्त. घडी घाल आणि जारोतला दे."

"मला कशाला?" जारोत म्हणाला.

"तुझ्या खिशातून तो बदलणार नाही म्हणून."

गालिहने पडद्यावर बघून नऊ नंबर लिहिले. बाविसातला दोन त्याने पुन्हा गिरवला. जारोतने कागदाची आणखी एक घडी घातली, खिशात ठेवून वरचं बटण लावलं आणि खिशावर तळहात दाबून उभा राहिला.

परीक्षक नंबर लक्षात ठेवत नाहीत. त्यांच्या लक्षात जागा राहते: कुठल्या कोपऱ्यात, कुणाच्या शेजारी, मान किती वळवल्यावर. म्बाह सार्जोनोंनी वाह्युला मैदानालगतच्या कचेरीच्या भिंतीकडे वळवलं, स्वतःही तसेच पाठमोरे उभे राहिले आणि बू एंडाहला आधी पाठवलं. बू एंडाह तंत्रशाळेत संगणक शिकवायच्या आणि संध्याकाळी गामेलानच्या, तिथल्या पारंपरिक घणवाद्यांच्या, वाद्यवृंदात वाजवायच्या. कानासाठी त्यांना परीक्षक केलं होतं. त्यांच्या घरी पक्षी नव्हता. त्यांनी मांडवात शिरून डोळे मिटले, हळूहळू मान वळवली, आणि चौथी रांग ओलांडून एका हूकाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

बावीस.

मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. निकाल पुकारणाऱ्याने नंबर लिहून घेतले. वाह्यु गेला, तोही सरळ बाविसावर, मग पंचवीसवर, आणि तिसऱ्यासाठी बराच वेळ घोटाळून आठवर थांबला. गालिहला कागदावरचे नऊही नंबर पाठ होते. वाह्युचा तिसरा त्याच्या कागदावर अकरा होता.

म्बाह सार्जोनो सगळ्यांत शेवटी गेले. ते बाविसावर गेले नाहीत. ते एकोणीसखाली जाऊन उभे राहिले, आणि गर्दीतून कुजबुज उठली. जारोतचा तळहात खिशावरून खाली आला. मग म्हातारा तीन पावलं सरकला आणि बाविसाव्याखाली थांबला. तिसऱ्यांदा पंचवीस.

"उघड," त्यांनी तिथूनच सांगितलं.

जारोतने कागद उघडला. तो एकेक नंबर वाचत गेला आणि पुकारणारा समोरचा नंबर सांगत गेला. बू एंडाहचे तिन्ही जुळले. वाह्युचे दोन जुळले, तिसरा नाही. म्बाहचा पहिला कागदावर एकोणीस होता. दुसरा बावीस. जारोतने शेवटचा वाचला, "पंचवीस," आणि कागद खाली घेतला. नवांतले आठ.

वाह्यु लगेच म्हणाला की आठ आणि अकरामध्ये माझाच गोंधळ होता, दोघं एकसारखे वाटले. कुणी त्यावर वाद घातला नाही. माणूस आठवतो तेव्हा एवढं चुकतंच. उलट नऊच्या नऊ जुळले असते तर जारोतने नक्की काहीतरी विचारलं असतं.

निकाल पुन्हा पुकारला गेला. पांगलिमा पहिला. एकोणीस नंबर दुसरा, अंबारावाचा शिंपी तिसरा. गेरिमिसचं नाव पहिल्या दहात नसल्यामुळे पुकारलंच गेलं नाही. शिंप्याने मोटारसायकल बंद केली, दोरी सोडली आणि पिंजऱ्यावरचं कापड वर करून आत डोकावला. लव्हबर्डवाले म्हणाले, झालं असेल तर आमचं सुरू करा, ऊन चढतंय.

जारोत चषक घेऊन आला. तो गालिहसमोर उभा राहिला, पण बोलला म्बाह सार्जोनोंशी.

"आज तो खरं बोलला, मान्य. पण मला पुढच्या रविवारी झोप लागायला हवी. चावी त्याच्याकडे आणि पिंजराही त्याचाच, असं नाही चालायचं. एक तर यंत्र, एक तर पक्षी."

दोन-तीन माना हलल्या. मग आणखी. म्हाताऱ्याने गालिहकडे पाहिलं.

गालिहने मागे वळून रात्रीला पाहिलं. ती पिंजरा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. ॲपवर त्याचे पाच महिन्यांचे शनिवार-रविवार गेले होते. त्यात अशा काही जागा होत्या की ज्या त्याच्याशिवाय कुणाला कळणार नव्हत्या, आणि आणखी कितीतरी हूक असतील जे त्याला अजून दिसले नव्हते. दुसऱ्या कुणाच्या हातात ते गेलं तर लोक त्याची चाल बदलतील, नावं बदलतील, वाकडंतिकडं करतील. गेरिमिस मात्र चार महिने मुका राहून आज दोनदा गायला होता.

"पक्षी," तो म्हणाला.

"मग यंत्र कोण बघणार?" वाह्युने विचारलं.

"ज्यांच्या घरी पक्षी नाही त्यांनी." गालिहने बू एंडाहकडे पाहिलं. "बू, तुम्ही शाळेत हेच शिकवता."

बू एंडाह म्हणाल्या की मी मुलांना तक्ते बनवायला शिकवते, असलं काही नाही. आणि घरी पक्षी नाही हे खरं असलं तरी मांजरं चार आहेत, तेव्हा मी पूर्ण निःपक्षपाती नाही. जारोत पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. पण बू एंडाहनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला होता आणि चष्मा नाकावर चढवला होता.

गालिहने चावी टाइप करून मागचं दार उघडून दिलं. कुठे काय आहे, काय दाबल्यावर जुनी चावी कायमची मरते, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मग म्बाह सार्जोनोंनी त्याच्या खांद्याला धरून त्याला भिंतीकडे वळवलं, मघाशी परीक्षकांना वळवलं होतं तसंच.

भिंतीचा पिवळा रंग पोपडे धरत होता. मागे बटणांचा आवाज येत होता. बू एंडाह नवी चावी सावकाश टाइप करत होत्या, दोन बोटांनी, मधेच थांबून. गालिहच्या तोंडावर आलं होतं की निदान बारा अक्षरं ठेवा, एखादा आकडा घाला, मांजरांची नावं नका ठेवू. त्याने भिंतीचा एक पोपडा नखाने काढला. जारोत त्याच्या शेजारी येऊन भिंतीला टेकला.

"रागावलास?"

"नाही."

"मी रागावलो असतो," जारोत म्हणाला. चषक दुसऱ्या हातात घेत तो पुढे म्हणाला, "तुझा पक्षी माझ्या पक्ष्याला घाबरला. पुढच्या वेळी चिठ्ठीत नंबर शेजारी आला तर अदलाबदल मागून घे. मी नाही म्हणणार नाही."

पाठीमागे बटणांचा आवाज थांबला. गालिहच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून पाहिला. त्यानेच कधीतरी लिहिलेला, कुणाला कधी येईल असं न वाटलेला एक निरोप होता: आपल्याला या जागी आता प्रवेश नाही. काही अडचण असल्यास व्यवस्थापकाशी संपर्क साधावा.

"वळू का?" त्याने विचारलं.

"वळ," म्बाह सार्जोनो म्हणाले. त्यांच्या काखेत टॅबलेट नव्हता. त्यांनी कपाटातून कापडी झेंड्यांची जुडी काढली होती आणि एकेका झेंड्यावरची धूळ झटकत होते. लव्हबर्डांचा शेवटचा पिंजरा टांगला गेला, आणि ते मान वर करून मांडवाखाली शिरले.